तांबं वितळत नाही, मग मोटर जळते कशी?

मे महिन्यातली दुपार, स्कूटरवर दोघं आणि समोर दिवे घाटाचा चढ. निम्मा घाट चढून होतो, स्क्रीनवर तापमानाची खूण उमटते आणि इलेक्ट्रिक स्कूटरचा जोर ओसरतो. मूठ कितीही पिळा, वेग वाढत नाही. बॅटरी तर साठ टक्के भरलेली दिसत असते. वर पोचून दहा मिनिटं सावलीत थांबलं की तीच गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळायला लागते. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बिघाड काही नाही, मोटर तापली होती."

तापून किती तापली असेल? कंपनीगणिक आकडा बदलतो, पण मोटरच्या आतलं तापमान सव्वाशे-दीडशे अंश सेल्सियसच्या घरात गेलं की कंट्रोलर सहसा प्रवाह आखडता घ्यायला लागतो. आता गंमत बघा. मोटरमध्ये मुख्यतः तांबं आणि पोलाद असतं. तांबं वितळतं १०८५ अंशांना, पोलाद त्याच्याही बरंच पुढे. मग दीडशेलाच एवढी घाई कशाला?

शेतकऱ्यांना हे कोडं निराळ्या रूपात ठाऊक आहे. व्होल्टेज कमी आलं, एखादा फेज गेला, की विहिरीवरची मोटर 'जळते'. रिवाइंडिंगवाला ती उघडतो तेव्हा तांबं सगळं जागेवर असतं, वजनात फारसा फरक नसतो. जळालेलं असतं ते तांब्यावरचं आवरण.

केसाहून पातळ कातडी

मोटरच्या न फिरणाऱ्या भागाला स्टेटर म्हणतात. पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत, तिला आतून खाचा आणि त्या खाचांत बसवलेल्या तांब्याच्या तारेच्या कॉइली. ही तार पाहिली तर उघडीच वाटते, चकचकीत तांबूस. पण ब्लेडने हलकेच खरवडा. मधाच्या रंगाचा एक पापुद्रा निघतो आणि खाली खरं तांबं दिसतं, जरा जास्त गुलाबी. हा पापुद्रा म्हणजे इनॅमल. एक मिलिमीटर जाडीच्या तारेवर त्याची जाडी साधारण ३० ते ४० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या निम्मी.

कॉइलचे शेकडो वेढे एकमेकांना खेटून बसलेले असतात. विजेने प्रत्येक वेढ्यातून वळसे घेत जावं, आडवी उडी मारून शेजारच्या वेढ्यात शिरू नये, ही सगळी जबाबदारी या पापुद्र्यावर. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये आपल्या प्रसिद्ध लोखंडी कड्यावर तार गुंडाळली तेव्हा वेढ्यांमध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं होतं. पुढे बराच काळ सूत आणि रेशीमच चाललं. आज तार रसायनाच्या टाकीतून आणि भट्टीतून पुन्हा पुन्हा ओढतात, दर फेरीला एकेक थर चढतो. चांगल्या मोटरच्या तारेवर दोन जातींचे थर असतात: खाली पॉलिएस्टर-इमाइड, वर पॉलिअमाइड-इमाइड. खालचा उष्णतेला टिकतो आणि तांब्याला धरून राहतो. वरचा चिवट आणि गुळगुळीत असतो, म्हणून वाइंडिंग करताना तार खाचेत घासत गेली तरी सोलली जात नाही.

याशिवाय खाचेच्या भिंतीला आतून कागद असतो. दुकानात त्याला मिलिनेक्स, लेदरॉइड, नोमेक्स असं त्या त्या जातीच्या नावाने मागतात. तो तांब्याला पोलादापासून वेगळं ठेवतो. आणि शेवटी सगळ्या वाइंडिंगवर वार्निश किंवा रेझिन ओतून ते भट्टीत भाजतात. हे तीनही पदार्थ सेंद्रिय आहेत, कार्बनच्या लांब साखळ्यांचे. मोटरची उष्णता सोसायची मर्यादा ठरते ती यांच्यावरून. तांबं-पोलाद त्या हिशेबात येतच नाही. (मोटरमधली चुंबकंही फार तापली की कायमची दुबळी होतात, कंट्रोलरला तीही धास्ती असते. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

चढाचा हिशेब

तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, प्रवाह तिप्पट तर नऊपट. हे शाळेतलं सूत्र घाटात काय करतं ते आकड्यांत पाहू.

स्कूटर आणि दोन माणसं मिळून २६० किलो धरू. ताशी ३० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाताना टायरचं घर्षण आणि वारा मिळून साधारण ६५ न्यूटन जोर अडवतो. आता १०० मीटरला ६ मीटर चढणारा घाट घ्या. वेग तोच ठेवला तरी गुरुत्वाकर्षण आणखी दीडशे न्यूटन मागे खेचतं. एकूण झाले सुमारे २१८, म्हणजे सपाटीच्या सव्वातीन पटींहून थोडे अधिक. मोटरचा जोर प्रवाहावर अवलंबून, त्यामुळे प्रवाहही तितक्याच पटींनी वाढला. आणि उष्णता? दहा-अकरा पट. सपाटीवर तांब्यात ३० वॅट उष्णता होत असेल तर घाटात ती ३०० वॅटवर जाते. चालकाला जाणवतो फक्त थोडा जास्त आवाज.

अशा मोटरमध्ये दीड किलो तांबं असेल, असं समजू. एक किलो तांबं एक अंशाने तापायला ३८५ जूल लागतात. सगळी उष्णता तांब्यातच साठली, कुठेही गेली नाही, तर ३०० वॅटला ते दर दोन सेकंदांना एक अंश चढेल. तीन मिनिटांत नव्वद अंश! प्रत्यक्षात उष्णता पोलादात आणि पुढे बाहेरच्या कवचात झिरपते, म्हणून एवढं वेगाने होत नाही. पण मोटर थोडा वेळ कितीही जोर देऊ शकते आणि फार वेळ मात्र नाही, याचं कारण इथे कळतं. थोडा वेळ उष्णता साठवता येते, मग ती बाहेर काढावीच लागते.

त्यात आणखी एक भर. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांवरचं तांबं १२० अंशांना गेलं की तेवढ्याच प्रवाहाला ३९ टक्के जास्त उष्णता निर्माण होते. तापलेली तार स्वतःला आणखी तापवत राहते.

म्हणूनच वाहनाच्या कागदपत्रांत 'तीस मिनिटांची शक्ती' नावाची एक गोष्ट असते. मोटर अर्धा तास सलग किती शक्ती देऊ शकते, हे मोजायची चाचणी भारतात एआयएस-०४१ या मानकात दिली आहे. ज्या छोट्या स्कूटरना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही त्यांची व्याख्याही यावरच बेतलेली: तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती काही सेकंदांची कमाल शक्ती. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने शोरूममध्ये तीस मिनिटांच्या शक्तीचा आकडा विचारावा, कमाल शक्तीचा नाही.

हवेची अडचण

उष्णता बाहेर जायची तर तारेतून इनॅमलमधून, मग शेजारच्या तारांमधून, खाचेच्या कागदातून, पोलादातून आणि शेवटी कवचातून बाहेरच्या हवेत, असा प्रवास आहे. यातल्या प्रत्येक पदार्थाची उष्णता वाहून न्यायची कुवत वेगळी. तांब्याची जवळपास ४००, इनॅमल आणि वार्निशची ०.२ ते ०.३, आणि स्थिर हवेची ०.०२६. (एकक वॅट प्रति मीटर प्रति अंश. आकड्यांची तुलना पुरेशी आहे.) म्हणजे इनॅमल तांब्याच्या हजारभर पट वाईट आणि हवा इनॅमलच्याही दहापट वाईट.

गोल तारा खाचेत कितीही दाबून भरा, त्यांच्या मधे फटी राहतातच. खाचेच्या क्षेत्रफळात तांबं जेमतेम चाळीस-पंचेचाळीस टक्के असतं. उरलेल्या जागेत हवा राहिली तर मधली तार पुरती कोंडली. बाहेरच्या बाजूची तार पोलादाला टेकलेली असल्याने ती थंड, आणि मधली तिच्याहून कितीतरी गरम. वार्निश मारण्याचं निम्मं काम हेच: फटीतली हवा हुसकून तिथे तिच्या दहापट उष्णता नेणारा पदार्थ बसवणं. उरलेलं निम्मं काम तारांना जागेवर पकडण्याचं, म्हणजे थरथरून घासणार नाहीत. रेझिन नुसतं वरून फासलेलं, आत न शिरलेलं असलं तर बाहेरून वाइंडिंग झकास चमकतं आणि आत पोकळ राहतं. कारखान्यात यासाठी वाइंडिंग फिरवत फिरवत त्यावर थेंब थेंब रेझिन सोडतात किंवा निर्वात टाकीत बुडवून फटींतली हवा आधी ओढून घेतात.

मोटरची रचनाही यात येते. काही स्कूटरमध्ये मोटर चाकातच बसवलेली असते, तिला हब मोटर म्हणतात. तिच्यात बाहेरचं कवच फिरतं आणि वाइंडिंग आत मधोमध बसतं. उष्णतेला बाहेर पडायला आधी स्टेटर आणि फिरत्या कवचामधली हवेची फट ओलांडावी लागते, किंवा मग बारीक अ‍ॅक्सलमधून निघावं लागतं. मधे बसवून पट्ट्याने किंवा गिअरने चाकाला जोडलेल्या मोटरमध्ये स्टेटर बाहेरच्या कवचाला घट्ट बसलेला असतो, कवचाला पंखासारख्या पट्ट्या असतात आणि वारा थेट त्यांवर येतो. चढाच्या गावासाठी मी दुसऱ्या प्रकाराकडे झुकेन. सपाट शहरात हब मोटरचं साधेपण फायद्याचं ठरतं.

कारमध्ये वाऱ्यावर भागत नाही. तिथे कवचातून पाणी खेळवतात किंवा थेट वाइंडिंगच्या खाचेबाहेर आलेल्या वळणांवर तेलाच्या धारा सोडतात. या बाहेरच्या वळणांना ओव्हरहँग म्हणतात. ते पोलादाला टेकलेले नसतात, त्यामुळे तिथे उष्णता तुंबते. तेलाने ती चांगली निघते, पण मग इनॅमल, रेझिन आणि कागद हे सगळं गरम तेलात वर्षानुवर्षं टिकणारं हवं. तेलात थोडा ओलावा शिरला तरी पॉलिएस्टर जातीच्या पदार्थांच्या साखळ्या तुटतात.

वय तासांत मोजायचं

वाळत घालायच्या कपड्यांना लावायचे प्लास्टिकचे चिमटे आठवा. नवा चिमटा वाकतो, ताणतो, पुन्हा सरळ होतो. दोन उन्हाळे गॅलरीत काढले की एक दिवस बोटांत धरताच त्याचा तुकडा पडतो. त्या दिवशी ऊन काही जास्त नव्हतं. आतल्या साखळ्या रोज थोड्या थोड्या तुटत होत्या, रंग विटत होता, लवचिकपणा जात होता. चिमट्याचं हे काम उन्हातली अतिनील किरणं करतात, मोटरमध्ये उष्णता आणि प्राणवायू. इनॅमलही असंच मधाळ रंगावरून तपकिरी, मग काळपट होत जातं, किंचित आकसतं, ठिसूळ होतं. आणि रोजच्यासारखीच एखादी थरथर त्याला तडा पाडून जाते.

तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो, याचं सूत्र स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९मध्ये मांडलं. १९३०मध्ये व्ही. एम. माँटसिंगर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या कागदाबद्दल एक ठोकताळा दिला आणि १९४८मध्ये टी. डब्ल्यू. डेकिन यांनी अऱ्हेनियसचं सूत्र लावून त्याचं कारण दाखवलं. तेव्हापासून विजेच्या यंत्रांच्या जगात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे: दर दहा अंशांना आयुष्य निम्मं. हा ठोकताळा आहे. काही पदार्थांना आठ अंश पुरतात, काहींना बारा लागतात. पण अंदाजाला तो चालतो.

तारेचा 'वर्ग' ठरवायची पद्धत यातूनच आली. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देतात, असे अनेक नमुने वेगवेगळ्या तापमानांच्या भट्ट्यांत ठेवतात, मधून मधून काढून त्यांना ठरावीक व्होल्टेज देतात. इनॅमल फुटलं की तो नमुना बाद. कुठल्या तापमानाला किती तास टिकला याचा आलेख काढून तो खाली वाढवत नेतात आणि २०,००० तास आयुष्य मिळेल असं तापमान वाचतात.

> चौकट: मोटरच्या पाटीवरचं इंग्रजी अक्षर
>
> मोटरच्या पाटीवर 'इन्सुलेशन क्लास' लिहिलेला असतो. तापमान सेल्सियसमध्ये, वाइंडिंगच्या सर्वांत गरम जागेचं.
>
> वर्ग ए: १०५ अंश (सूत, कागद, जुनं वार्निश)
> वर्ग ई: १२० अंश
> वर्ग बी: १३० अंश
> वर्ग एफ: १५५ अंश
> वर्ग एच: १८० अंश
>
> त्यापुढे २००, २२० असे वर्ग आहेत. वाहनांच्या मोटरीत एच किंवा त्याहून वरची तार घालतात. तार एच असली आणि खाचेचा कागद किंवा लीडवरची (वाइंडिंगमधून बाहेर निघणाऱ्या तारेवरची) स्लीव्ह बी असली, तर सगळी मोटर बीच समजायची.

आता एच वर्गाच्या तारेचं गणित करू. १८० अंशांवर २०,००० तास, म्हणजे १७०ला ४०,०००, १६०ला ८०,०००. उलट्या बाजूला २००ला ५,००० आणि २२०ला जेमतेम १,२५० तास. घरून ऑफिसला रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याची मोटर वर्षात सहाशे तासांच्या आत चालते, पंधरा वर्षांत नऊ हजार तास. त्यातही बहुतेक वेळ ती शंभर अंशांखाली असते, जिथे आयुष्य न झिजल्यात जमा. त्याच गाडीवर डिलिव्हरीचं काम करणारा तरुण रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस गाडी पळवतो. त्याचे २,४०० तास एका वर्षातच होतात आणि सिग्नलगणिक थांबून निघण्यात मोटर सदा तापलेली.

हिशेबाची खरी मेख थोड्या मिनिटांत आहे. समजा कंट्रोलरने आवर घातला नाही आणि रोज घाटात पाच मिनिटं वाइंडिंग २२० अंशांवर गेलं. त्या पाच मिनिटांत १८० अंशांवरच्या ८० मिनिटांइतकं वय सरतं. उरलेला दिवसभर गाडी गारेगार चालली, तरी ते वय परत मिळत नाही. घाटात गाडी मंदावते तेव्हा कंट्रोलर हीच मिनिटं वाचवत असतो. काही दुकानांत आणि हौशी मंडळींत कंट्रोलरची ही मर्यादा उठवून 'पॉवर अनलॉक' करून घ्यायची टूम असते. तिच्यात जे मिळतं ते मोटरच्या पुढच्या वर्षांतून उचल घेतलेलं असतं.

कंट्रोलरला तापमान कळतं तेही आडून. ओव्हरहँगमध्ये एका ठिकाणी खोवलेला तांदळाएवढा सेन्सर जेवढं सांगेल तेवढंच. त्याच्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि सर्वांत गरम जागा दोन खाचा पलीकडे असू शकते. म्हणून मर्यादा मुद्दाम आखूड ठेवतात. आपल्याला ती भित्री वाटते.

ताण, पाणी आणि फट

तापमान वर चढतं तसं खालीही येतं, आणि गाडीत हे दिवसातून अनेकदा होतं. १५० मिलिमीटर लांबीची खाच घ्या. १०० अंश तापल्यावर तिच्यातलं तांबं पाव मिलिमीटरने वाढतं, पोलाद ०.१८ मिलिमीटरने. फरक ०.०७ मिलिमीटर, म्हणजे ७० मायक्रॉन, इनॅमलच्या जाडीच्या दुप्पट. दोघांच्या मधे अडकलेलं इनॅमल आणि रेझिन दर खेपेला ताणलं जातं. नवं असताना ते ताण सोसतं. वय झालं की रेझिन तारेपासून सुटतं, फट पडते, फटीत हवा शिरते, हवेमुळे ती जागा जास्त तापते, जास्त तापल्याने वय लवकर सरतं.

पावसाळ्यात या फटीत पाणी येतं. मोटर बंदिस्त असली तरी ती एक प्रकारे श्वास घेत असते. तापल्यावर आतली हवा फुगून सीलमधून बाहेर पडते, आणि तीच गरम मोटर पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून गेली की झटकन गार होऊन बाहेरची ओली हवा आत ओढते. रात्री त्या ओलाव्याचं दंव वाइंडिंगवर धरतं. अखंड इनॅमलला त्याने फार काही होत नाही. तडा असेल तर तो तडा आता विजेची वाट झालेला असतो.

कंट्रोलरचे ठोके

इथपर्यंतची गोष्ट विहिरीवरच्या पंपालाही लागू आहे. पण पंपाला मिळते ती वीज संथ लाटेसारखी सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होते. बॅटरीची वीज एकाच दिशेची. तिची लाट बनवायला कंट्रोलर ती अतिशय वेगाने चालू-बंद करतो, सेकंदाला सहसा आठ ते वीस हजार वेळा. दहा हजार धरले तर तासाभरात साडेतीन कोटींहून जास्त ठोके. प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज शून्यावरून पूर्ण उंचीवर सेकंदाच्या कोट्यंशांत पोचतं. सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच तर याहून चपळ आहेत. त्यांच्यात विजेची नासाडी कमी होते, गाडी जास्त पळते, पण तारेच्या दृष्टीने प्रत्येक ठोका अधिक टोकदार होतो.

या टोकदारपणाचे दोन परिणाम होतात. मोटरच्या टोकाशी ठोका परावर्तित होऊन व्होल्टेज क्षणभर जवळपास दुपटीपर्यंत उसळू शकतं. दुसरं म्हणजे, ठोका इतका झटपट येतो की वाइंडिंगभर पसरायला त्याला वेळच मिळत नाही. सगळ्या कॉइलींनी वाटून घ्यायचं व्होल्टेज क्षणभर पहिल्या एक-दोन कॉइलींवरच पडतं. गोल तारेच्या वाइंडिंगमध्ये वेढे खाचेत जसे पडतील तसे पडतात. नशीब वाईट असेल तर कॉइलचा पहिला वेढा आणि शेवटचा वेढा नेमके शेजारी.

इथे आणखी एक १८८९चा शोध कामाला येतो. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिडरिश पाशेन यांनी हवेच्या फटीत ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागतं ते मोजलं. फट लहान करत गेलं की लागणारं व्होल्टेज उतरत जातं, पण एका हद्दीपर्यंतच. नेहमीच्या हवेत ही हद्द सुमारे ३२७ व्होल्टची, आणि तेव्हा फट असते साधारण साडेसात मायक्रॉनची. त्याखाली हवेत ठिणगी नाही. म्हणून ४८ किंवा ७२ व्होल्टच्या स्कूटरला ही भीती नसते. तिचा शत्रू उष्णता आणि पाणी. ४०० व्होल्टच्या कारमध्ये उसळी धरून हद्द ओलांडली जाते, आणि भारतात आलेल्या किया ईव्ही६, ह्युंदाई आयोनिक ५ यांसारख्या ८०० व्होल्टच्या घराण्यातल्या गाड्यांत तर हा वाइंडिंगच्या आखणीतला मुख्य प्रश्न असतो.

दोन गोल तारा टेकतात तिथे त्यांच्या दोन्ही बाजूंना पाचरीसारखी निमुळती फट राहते. तिच्यात हवा असेल तर दर ठोक्याला तिथे सूक्ष्म ठिणगी उडू शकते. तिला आंशिक विसर्ग म्हणतात, कारण ती इनॅमल भेदून पलीकडे जात नाही, फक्त हवेची फट ओलांडते. पण तिच्यातून ओझोन निघतो, अतिनील प्रकाश निघतो आणि भारित कण इनॅमलच्या पृष्ठभागावर आदळतात. तासाला कोट्यवधी ठोके असतील तर साधं इनॅमल या माऱ्यापुढे फार काळ तग धरत नाही. त्यामुळे आयईसी ६००३४-१८-४१ हे मानक अशा मोटरींकडून अपेक्षा ठेवतं की आयुष्यभर आत विसर्ग सुरूच होता कामा नये. उपाय तीन: इनॅमल जाड करणं, रेझिनने फट पूर्ण भरणं, किंवा इनॅमलमध्ये सिलिका-अ‍ॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण मिसळून ते माऱ्याला कणखर करणं. पहिला उपाय सरळ वाटतो, पण जाड इनॅमल म्हणजे उष्णतेला जाड अडथळा आणि तांब्याला कमी जागा. विजेला अडवणारा पदार्थ उष्णतेलाही अडवतो, आणि मोटर बनवणाऱ्यांचं निम्मं आयुष्य या एका भांडणात जातं.

हवा विरळ झाली की ठिणगी लवकर पडते. लडाखमधल्या उमलिंग लाच्या रस्त्यावर, १९,००० फुटांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. मुंबईत निवांत असलेली फट तिथे चमकू शकते, म्हणून आखणी करतानाच उंचीची सूट धरावी लागते.

दोन वेढे चिकटतात तेव्हा

ठिसूळ झालेल्या, तडा गेलेल्या इनॅमलमधून अखेर शेजारचे दोन वेढे एकमेकांना लागतात. बाहेरून काहीच कळत नाही. गाडी चालते, किंचित जास्त वीज खाते. पण चिकटलेल्या वेढ्यांचं एक बंद कडं तयार झालेलं असतं. चुंबकीय क्षेत्र त्यातून फिरतं, कड्यात प्रवाह निर्माण होतो, आणि त्याला अडवायला तारेच्या तुकड्याचा क्षुल्लक रोध सोडून काही नसतं. नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह त्या एका कड्यात फिरत राहतो. तेवढीच जागा भयानक तापते, शेजारच्या वेढ्यांचं इनॅमल जातं, कडं मोठं होतं. पुढे खाचेचा कागद जळतो आणि तांबं पोलादाला लागतं. तेव्हा कुठे फ्यूज उडतो किंवा स्क्रीनवर लाल दिवा लागतो.

कायम चुंबकाच्या मोटरीत, म्हणजे आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक वाहनांत, यात एक वाईट भर आहे. पंपाची वीज तोडली की चुंबकीय क्षेत्र संपतं. इथे चुंबक रोटरमध्येच, म्हणजे फिरणाऱ्या भागातच आहे. कंट्रोलरने वीज तोडली तरी चाक फिरतंय तोवर चुंबक त्या कड्यासमोरून फिरत राहणार आणि कडं तापत राहणार. अशी गाडी चाक जमिनीला टेकवून दोरीने ओढत नेऊ नये, उचलून न्यावी.

रिवाइंडिंगच्या दुकानात

अनुभवी वाइंडर जळालेली मोटर उघडून कारण वाचतो. सगळ्या कॉइली सारख्या काळ्या: मोटर बराच काळ जास्त तापत होती. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि तिसरा कोरा करकरीत: एक फेज गेला होता. एकाच कॉइलच्या सुरुवातीला काळा ठिपका, तांब्याचा वितळलेला मणी आणि बाकी सगळं सोनेरी: वेढ्यांमधला शॉर्ट. कंट्रोलरवर चालणाऱ्या मोटरीत हा तिसरा प्रकार लीडजवळच्या कॉइलींत सापडला, तर ठोक्यांवर संशय घ्यायला जागा असते.

स्कूटरची गोल तारेची मोटर दुकानात पुन्हा भरता येते. पण पंपाची मोटर भरायच्या सवयीने नाही. जुन्या कॉइली सुटाव्यात म्हणून स्टेटरला गॅसची ज्योत लावतात, तेव्हा पोलादी पत्र्यांमधला रोधक थरही जळतो. मग पत्र्यांतून भोवरे-प्रवाह फिरतात आणि नवी वाइंडिंग बसवलेली मोटर पहिल्यापेक्षा जास्त तापते. शक्य असेल तर कॉइली कापून, ओढून काढाव्यात. तार इन्व्हर्टरसाठी बनवलेली, एच किंवा त्याहून वरच्या वर्गाची घ्यावी. वार्निश मारून उन्हात ठेवणं पुरत नाही, भट्टीत सांगितलेल्या तापमानाला सांगितलेला वेळ भाजावं लागतं. सेन्सर होता तिथेच आणि तसाच बसवावा लागतो, नाहीतर कंट्रोलर आंधळा होतो.

कारच्या मोटरीचं मात्र चित्र बदललंय. बहुतेक नव्या मोटरींत गोल तारेऐवजी चौकोनी जाड पट्टीचे, केसाच्या पिनेसारखे वाकवलेले तुकडे खाचेत सरकवतात आणि दुसऱ्या टोकाला वेल्ड करतात. खाचेत तांबं साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातं, उष्णता चांगली निघते, पहिला वेढा कुठे आणि शेवटचा कुठे हे आधीच ठरलेलं असतं. किंमत मोजावी लागते ती वाकवताना. पट्टीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला इनॅमल चांगलंच ताणलं जातं आणि तडा पडायचा धोका तिथेच असतो. आणि ही मोटर कोपऱ्यावरच्या दुकानात भरता येत नाही. स्टेटरच बदलावा लागतो.

दुरुस्त मोटर घेताना बहुतेक ठिकाणी मेगर लावून दाखवतात, काटा अनंताकडे जातो आणि आपण समाधानाने पैसे देतो. मेगर तांबं आणि कवच यांच्यामधला रोध मोजतो, एवढंच. दोन वेढ्यांमधलं इनॅमल कसं आहे याबद्दल तो मुका असतो, कारण ते दोन्ही वेढे एकाच तारेचे. त्यासाठी सर्ज टेस्टर लागतो: तिन्ही फेजना आळीपाळीने तसाच टोकदार ठोका द्यायचा आणि पडद्यावरच्या लाटा एकमेकींवर ठेवून पाहायच्या. तिन्ही जुळल्या तर ठीक. एखादी सरकली, तर तिच्यात कुठेतरी वेढे चिकटलेत. इलेक्ट्रिक गाडीची मोटर भरून घ्यायची असेल, तर दुकानात शिरल्यावर मजुरीच्या आधी या यंत्राची चौकशी करावी.